किनारीखालची चूक

४ जानेवारी

ती. स्व. मामास,
खारूचा सा. न. वि. वि.

पत्राला चार दिवस उशीर झाला, तेव्हा आधी कान धरते. पहिल्या तारखेला लिहायचं हा आपला करार, आणि गेली सहा वर्षं तो मी मोडलेला नाही. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, शिकलीस ते कागदावर कळव, असं तू गाडीत बसवताना म्हणाला होतास. पण या वेळचं कारण ऐकलंस तर माझे कान सोडून पाठ थोपटशील.

इथल्या वाचनालयाच्या मोठ्या दालनातल्या चाळीस खुर्च्या नव्याने विणायच्या आहेत. चाळीस, मामा! सगळ्या वेताच्या, आणि एकाही खुर्चीत आज बसण्यासारखं काही उरलेलं नाही. ग्रंथपाल बाईंनी माझे व्हिडिओ बघितले आणि पत्ता विचारत विचारत लाँड्रीच्या मागच्या माझ्या खोलीपर्यंत आल्या. खोलीत इस्त्रीची वाफ भरलेली, मी केस वर बांधून बादलीत वेत बुचकळत बसलेली. बाई म्हणाल्या की व्हिडिओत खोली मोठी वाटते. मी म्हटलं, व्हिडिओत मीही उंच वाटते.

तर आधी नमुन्याची एक खुर्ची द्यायची. समितीला पसंत पडली तर उरलेल्या एकोणचाळीस माझ्या. हे काम मिळालं तर दीड वर्ष कुणापुढे तोंड वेंगाडायला नको. नाही मिळालं तर खोली सोडायची आणि परत त्या चपलांच्या दुकानात लोकांच्या पायांशी बसायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलंय. वेतकामावर अर्धपोटी राहणं आता यापुढे नको.

एक घाण गोष्टही सांगते, कारण तुझ्यापासून काही लपवत नाही. मी व्हिडिओ टाकते त्या ‘बैठक’ नावाच्या पानावर ‘परखड’ नावाचा कुणी एक येऊन पडलाय. फोटो नाही, पत्ता नाही. मागच्या महिन्यात मी खालच्या हाताचं काम दाखवलं होतं, वेत खालून ओढताना पिळू नये म्हणून अंगठ्याखाली कसा धरायचा ते. त्यात मी म्हटलंय की हे मला माझ्या मामीने शिकवलं, तिच्यासारखा खालचा हात मी दुसरा पाहिलेला नाही. त्याखाली या गृहस्थाची पहिली ओळ: ‘हात आहेत की खुरं?’ पुढचं लिहीत नाही. वाचून अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मामीला मात्र नक्की सांग, एवढ्या लोकांसमोर तिचं नाव घेतलं म्हणून.

तू वर बसून गोष्टी सांगायचास, मामी खुर्चीखाली बसून वेत खेचायची आणि मी मध्ये लुडबुडायचे, ते दिवस हल्ली फार आठवतात. लोभ आहे तो ओल्या वेतासारखा ताणून धर, ढिला पडू देऊ नकोस.

तुझी,
खारू


११ जानेवारी

चि. खारूस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. नेहमीसारखं मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. चाळीस खुर्च्या म्हटल्यावर तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि मी चष्मा काढून पुसला, तेव्हा पुढचं वाचन चहानंतर झालं. पोरी, एके काळी स्टुलावर चढून माझ्या वेताच्या भेंडोळ्यांत लपायचीस, म्हणून तुझं नाव खार पडलं. आज खार झाडाच्या शेंड्यावर पोचली. गुरूला याहून काय हवं असतं?

त्या परखडाबद्दल वाचून मात्र शिसारी आली. मला त्या पडद्याचीच शिसारी आहे, तुला ठाऊकच आहे. माणूस समोर असला की त्याच्या डोळ्यांत बघून बोलावं लागतं. तिथे काय, तोंडाला फडकं बांधून यायचं, पिचकारी मारायची आणि पळायचं. सार्वजनिक मोरी आहे ती, खारू. आपण मोरीत बसून मोती विकायला जाऊ नये. थोरल्या मुलाने पाठवलेला टॅब अजून खोक्यासकट कपाटात आहे. मी त्याला हात लावलेला नाही. माणसाचं खरं मन कागदावर उतरतं, कारण कागदाखाली सही करावी लागते.

अशा माणसाला उत्तर देऊ नकोस. कुणीतरी पोटातल्या आगीने जळणारा असेल, बिचारा. तू आपलं काम कर आणि काही अडलं, चुकलं, तर आधी मला कळव. जगाला नंतर.

लोभ आहेच, तो काय सांगायचा.

तुझा,
मामा

ता. क. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून दोन ओळी घुसडते. खुर्च्यांचं फार बरं वाटलं गं. घाई झाली तरी वेत गरम पाण्यात घालू नकोस, वरून मऊ होतो आणि आतून तडकतो. माझी बोटं थंडीने चिरली आहेत, बाकी ठीक. हे मजेत आहेत. दुपारी जेवण झालं की कानात बोंडं घालून टॅबवर जुनी गाणी ऐकत बसतात आणि एकटेच हसतात. तेवढाच विरंगुळा. मामी.


१ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
खारूचा सा. न. वि. वि.

टॅब खोक्यात आहे म्हणे! मामीने तुझी चुगली केलीय बरं का. ऐक बाबा गाणी, मी कुणाला सांगत नाही.

आता खरं दुखणं. नमुन्याची खुर्ची परवा वाचनालयात पोचवली. उभी वीण झाली, आडवी झाली, तिरपी झाली, भोकं झाकायला कडेने पट्टीची किनार बांधली, पॉलिश झालं. मग मी ती उलटी करून बघत होते तर मागच्या उजव्या कोपऱ्यात माझी नजर अडकली. तिरप्या ओढीत एक भोक सुटलंय. वेत त्याच्या शेजारच्या भोकात दोनदा गेलाय. वर किनार असल्यामुळे कुणाला दिसणार नाही आणि बसणाऱ्याला जन्मात कळणार नाही. पण मला कळलंय ना! किनार उकलायची तर अख्खी कड परत करावी लागली असती आणि खुर्ची न्यायला हमाल दारात उभा. मी दिली पाठवून. तेव्हापासून घास गोड लागत नाही. बाईंना जाऊन सांगू का की चूक आहे, परत आणते? समिती पंधरा तारखेला बसणार आहे. हे मी कुणालाही बोललेले नाही. खोलीच्या भिंतींनाही नाही, कारण पलीकडे लाँड्रीवाला असतो.

परखड महाराजांचा मुक्काम अजून हलला नाही. आता माझं काम सोडून माझ्या संसारावर आलाय. नवऱ्याने उगाच नाही हाकललं, असं लिहिलंय. आणि खाली साठ-सत्तर लोक दात काढून हसलेत. मामा, मी त्या दिवशी फोन धुतला. खरंच, ओल्या फडक्याने पुसला, साबण लावून. मग मलाच हसू आलं आणि मग रडू. हाकलली गेले नव्हते मी. मी निघाले होते, आणि तू न्यायला आला होतास, माझं गाठोडं मांडीवर घेऊन सबंध रस्ता बसला होतास. ते ज्याला माहीत नाही त्याच्या बोलण्याचं काय एवढं लावून घ्यायचं? पण लागतं.

काय करू ते लगेच कळव.

तुझी,
खारू


५ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र हातात पडल्या पडल्या लिहायला बसलोय. वेडी आहेस का? एका भोकासाठी हातातलं काम घालवतेस? माझ्या पन्नास वर्षांत मीही चार-दोन भोकं सोडली असतील, आणि त्या खुर्च्यांवर बसून लोक म्हातारे होऊन गेले. किनारीखालचं कोण बघायला जातंय! तोंड उघडू नकोस. बाईंना सांगायला गेलीस तर त्यांना तुझा प्रामाणिकपणा दिसणार नाही, चूक तेवढी दिसेल. हे माझ्यावर सोड आणि निवांत झोप.

त्या नीच माणसाबद्दल मी काय बोलू? परक्या बाईच्या घरातलं उकरून काढणाऱ्याच्या जिभेला काही हाड? तुझं गाठोडं मांडीवर घेतलं होतं तेव्हा त्यातली एक चप्पल मला सबंध रस्ता टोचत होती, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगतो, म्हणजे तू हसशील.

गाणी ऐकतो खरा. म्हातारपणी एवढी चोरी माफ असावी.

तुझा,
मामा


१७ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

पहिल्या तारखेची वाट बघवत नाही म्हणून आजच लिहिते.

पंधराला समिती बसली. मला बोलावलं होतं. मी धुतलेली साडी नेसून, नखांतलं पॉलिश खरवडून गेले. खुर्ची टेबलावर ठेवलेली, पाय वर करून. समितीत एक निवृत्त इंजिनियर आहेत. त्यांनी खिशातून चाकू काढला आणि कुणाला काही न विचारता सरळ मागच्या उजव्या कोपऱ्यातली किनार उचकटली. इकडे नाही, तिकडे नाही, थेट तिथेच. मग सगळ्यांनी वाकून बघितलं. मला वाटलं, माझाच पदर कुणी भर सभेत ओढला.

वाचनालयाच्या पानावर आदल्या दिवशी दुपारी परखडाने लिहिलं होतं की मागचा उजवा कोपरा उकला, एक भोक सुटलेलं सापडेल, आणि ते ठाऊक असूनही या बाईने झाकून तुमच्या गळ्यात मारलंय. इंजिनियरांनी ते छापून आणलं होतं, मला वाचायला दिलं. मी वाचलं आणि खरं आहे म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ग्रंथपाल बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. नंतर मात्र त्याच माझ्या बाजूने बोलल्या. नमुना दुरुस्त कर आणि आणखी तीन खुर्च्या दहा मार्चपर्यंत दे, त्या बघून काय ते ठरवू, असं झालंय. ही शेवटची संधी.

मामा, याला कसं कळलं? माझे सगळे व्हिडिओ मी परत बघितले, एकात तरी ती बाजू दिसते का म्हणून. नाही दिसत. हमालाने खुर्ची पोत्यात गुंडाळून नेली. मी फक्त तुला लिहिलं होतं. तू सहज कुणाजवळ बोललास का? कट्ट्यावर, दुकानात? मी रागावणार नाही. मला फक्त कळायला हवं, नाहीतर मला आता माझ्याच खोलीत कुणीतरी बसलंय असं वाटतं.

खारू


२१ फेब्रुवारी

चि. खारूस,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. माझ्या तोंडून शब्द गेला असेल तर जीभ झडो. मला वाटतं वाचनालयाचाच कुणी सुतार असणार. त्याला हे काम हवं असेल, त्याने रात्रीत किनार उचलून बघितली असेल. धंद्यात असले उंदीर फार.

दुसरी एक शंका आहे, पण तुला सांगावी की नाही या विचारात होतो. तुझी पत्रं मी मामीला वाचून दाखवतो. ती शेजारणींत बसते. बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि तिचा तुझ्यावर पहिल्यापासून थोडा आकस आहे, तू माझी लाडकी म्हणून. मी तिला काही बोललेलो नाही. तूही बोलू नकोस, घरात उगाच आग.

आता तीन खुर्च्यांकडे लक्ष दे. काय करतेस, कसं करतेस, बारीकसारीक सगळं कळव, म्हणजे मला इथून नजर ठेवता येईल.

तुझा,
मामा


२६ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

सुताराचं तुझं म्हणणं पटलं. मामीचं मनातून काढून टाकते.

दोन खुर्च्या झाल्या. तिसरीला वेत कमी पडला आणि नवा यायला पंधरा दिवस लागणार. दहा तारीख तर थांबत नाही. तेव्हा मधल्या चार उभ्या ओढी मी प्लॅस्टिकच्या पट्टीने केल्या आणि वरून पॉलिश चढवलं. नखाने खरवडल्याशिवाय ओळखू येत नाही. मनाला लागलंय, पण तूच म्हणतोस ना, तोंड उघडू नकोस म्हणून. नाही उघडत. फक्त तुला.

खारू


११ मार्च

श्री. परखड यांस,
स. न. वि. वि.

आपला-माझा पत्रव्यवहार नाही, तेव्हा अनोळखी माणसाला लिहितात तसं लिहिते. पत्ता माझ्या हाताला पाठ आहे. सहा वर्षं त्याच पत्त्यावर मी माझ्या मामाला लिहीत होते.

तिसऱ्या खुर्चीत प्लॅस्टिक नव्हतं. माझ्याकडे वेताची दोन भेंडोळी शिल्लक आहेत, आज या क्षणी टाचेशी पडली आहेत. ते खोटं मी फक्त एका कागदावर, एका माणसाला लिहिलं, पाकीट स्वतः चिकटवलं आणि स्वतः पेटीत टाकलं. टाकताना मनातल्या मनात म्हणत होते की काही होऊ नये. महिना जाऊ दे, समितीने मला हाकलून लावलं तरी चालेल, पण हे खोटं कुठे उगवू नये.

तीन तारखेला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी उगवलं. जेवणानंतर, गाण्यांच्या वेळेला. वाचनालयाच्या पानावर आपण लिहिलंत की तिसऱ्या खुर्चीत मधल्या चार ओढी प्लॅस्टिकच्या आहेत, नखाने खरवडा. काल इंजिनियरांनी खरवडल्या. नखाने, मग चाकूने, मग एक धागा कापून काडी लावून जाळून बघितला. वेताचा वास आला. कडेपासून कडेपर्यंत वेत. इंजिनियर स्वतः म्हणाले की हा परखड खोटारडा आहे आणि याचं पुन्हा ऐकायचं नाही. चाळीसच्या चाळीस खुर्च्या माझ्या झाल्या. तेव्हा एका अर्थी हे काम आपण मिळवून दिलंत.

बाईंनी हातात हात घेतला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मी मोरीकडे पळाले आणि ओकले.

मला आधी वाटलं होतं की राग येईल. राग नाही आला, किळस आली. आपण चूक लपव म्हणालात आणि तीच चूक बाहेर जाऊन ओरडून सांगितलीत. गाठोडं मांडीवर घेतलंत आणि नवऱ्याने हाकलली म्हणूनही आपणच लिहिलंत. ते लिहिताना ती चप्पल टोचली का हो? सापडायची वेळ आली तेव्हा मामीचं नाव पुढे केलंत. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. आणि कापता कापता वरून विचारणं की दुखत नाही ना पोरी, दुखलं तर आधी मला कळव.

सहा वर्षांची पत्रं चपलांच्या खोक्यात आहेत. काल ते खोकं उचलायला गेले, तर मेलेलं काहीतरी उचलावं तसा हात मागे आला. शेवटी चिमट्याने धरून दाराबाहेर ठेवलं. परका माणूस घाण बोलला तर आंघोळ करता येते. हे कुठून धुऊ?

आपल्याला कागद आवडतो, खरं मन त्यावर उतरतं म्हणून. तेव्हा आपली सगळी वाक्यं, एकशे सतरा, मी माझ्या अक्षरात उतरवून सोबत जोडली आहेत. पहिल्या ‘हात आहेत की खुरं’पासून शेवटपर्यंत. प्रत्येकाखाली जागा सोडली आहे. सह्या करून ठेवा.

‘बैठक’वाली बाई


१९ मार्च

चि. खारूस,
मामीचे आशीर्वाद.

माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं, सांभाळून घे. पत्र असं पहिल्यांदाच लिहितेय. आजवर पाकीट चिकटवणं आणि ता. क. एवढंच माझ्या वाट्याला.

चौदा तारखेला पोस्टमन दारात उभा राहून मोठ्याने म्हणाला की इथे परखड कोण राहतं. मी म्हटलं, असं कुणी नाही बाबा, परत ने. तो वळलाही होता. तेवढ्यात पाकिटावर तुझं अक्षर दिसलं. तुझा मामा आत गाणी ऐकत होता. मी स्वयंपाकघरात बसून फोडलं आणि सगळं वाचलं. मग ती एकशे सतरा वाक्यंही वाचली, एक न सोडता.

मला शोधावं लागलं नाही गं की हा कोण. तू फार हुशारीने पकडलंस, पण मला पहिल्याच ओळीत कळलं असतं. ‘हात आहेत की खुरं’ हे मी लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं, खुर्चीखाली बसून. ‘दोन दोऱ्या ओढता आल्या म्हणून कारागीर होत नाही’ हे दर पावसाळ्यात. ‘बाईने अक्कल पाजळू नये’ हे जेवताना. एक्केचाळीस वर्षं मी त्याच माणसाबरोबर राहतेय. वाचताना मला नवं काही वाटलंच नाही, फक्त आपलं घर कुणीतरी चव्हाट्यावर मांडलंय असं वाटलं.

मी कागद त्याच्या पुढ्यात ठेवले. आधी म्हणाला, माझे नाहीत. मग म्हणाला, तिथे सगळेच तसं लिहितात, ते खरं नसतं, तिथे नुसतं एक नाव असतं, खरा मी पत्रातला. मग रडला. रडताना डोळे किलकिले करून बघत होता, मी बघतेय का म्हणून. मला इतकी शी वाटली की मी पदराने नाक धरलं. मी म्हटलं, अरे उलटं आहे. नुसतं नाव होतं ते पत्रात. खारू, तुझ्या लाडक्या मामाला मीही फक्त महिन्यातून एकदाच भेटले, पाकीट चिकटवायच्या आधी तो आपलं उत्तर मोठ्याने वाचायचा तेव्हा. इतकं गोड बोलायचा की मला वाटायचं, हा माणूस चार दिवस घरी राहायला आला तर किती बरं होईल.

चूक माझीही आहे. तुला कळवता आलं असतं. पण तुझं कुणीतरी प्रेमाने ऐकतंय तर ऐकू दे, आपण कशाला मोडता घाला, असं वाटायचं. आता वाटतं, तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. आणि तुझ्यावर माझा आकस म्हणे, तुला तसं लिहिल्याचं त्यानेच शेवटी कबूल केलं! खारू, तुझी फ्रॉकं मी शिवली.

एक मात्र मला माहीत नव्हतं. तू लोकांसमोर माझं नाव घेतलंस ते. तुझ्या जानेवारीच्या पत्रातलं ते वाक्य त्याने मला वाचून दाखवलंच नाही. आता त्याच्या पत्रांच्या पेटीतून तुझी सगळी पत्रं काढून मी पुन्हा वाचली. जवळजवळ प्रत्येकात कुठे ना कुठे मी आहे. मामीला हे सांग, मामीला ते विचार, मामीचा अंगठा बरा झाला का. एकही ओळ माझ्यापर्यंत पोचली नव्हती. मला वाटायचं, पोरगी मोठी झाली, विसरली. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, आणि त्याच्या त्या घाण वाक्यांपेक्षा याचीच मला जास्त किळस आली.

तर आता ऐक. चाळीस खुर्च्या एकटीने दीड वर्ष लागतील. दोघींनी सात-आठ महिने. तिथे तुझ्या खोलीत एक चटई पसरायला जागा आहे ना? नसली तर लाँड्रीवाल्याला विचार. माझी आरी, माझ्या खुंट्या आणि अंगठ्याला बांधायचं कातडं पिशवीत भरलंय. गुरुवारच्या गाडीने निघते. त्याच्या जेवणाची काळजी करू नकोस. त्याला म्हटलं, टॅब आहे ना, त्यातून काय निघतं ते खा. परत कधी जाईन ते विचारू नकोस, मलाही ठाऊक नाही.

ते खोकं दाराबाहेर ठेवलंस ते ठीक केलंस. पण फेकून देऊ नकोस. त्यातल्या पाकिटांच्या मागे माझे ता. क. आहेत, तेवढे कात्रीने कापून ठेव. ते खरे आहेत.

आणि एक सांगायचं राहिलं. एक्केचाळीस वर्षं मी खुर्चीच्या खालीच बसत आले. त्यामुळे विणून झालेली बैठक वरून कशी दिसते ते मला नीट माहीतच नाही. तेव्हा पहिल्या खुर्चीला तू खाली बस, आणि वेत ओढून घे. वर मी बसणार.

तू मला विसरली नव्हतीस, एवढं पुरे. बाकीचं गुरुवारी.

तुझी,
मामी